एक दिवस मागायला

त्या रविवारी ओळंबा सात बोटांवर गेला.

जपमाळ संपून माणसं पांगल्यावर एर्सिरा एकटीच देवळाच्या ओसरीत थांबली आणि दर रविवारसारखं तिनं माप घेतलं. ओसरीवर उभ्या लाकडी मनोऱ्याच्या पहिल्या तुळईवरून दोरा सोडायचा, शिशाचा गोळा डुलायचा थांबेपर्यंत वाट बघायची, आणि तो खांबाच्या पायापासून किती लांब थांबतो ते बोटांनी मोजायचं. सप्टेंबरात चार बोटं होती. नाताळात साडेपाच. पुलेल्मोच्या शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला कळायला वेळ लागला नाही, की मनोरा नुसता कलत नव्हता, त्याच्या कलण्याचा वेग वाढत होता.

तिनं समोरच्या उजव्या खांबाच्या बुडात चाकू खुपसून पाहिला. उकडलेल्या बटाट्यात जावं तसं पातं मुठीपर्यंत आत गेलं. डाव्या खांबाचीही तीच गत होती.

कांदेलारिया माउलीचा, म्हणजे मारियामातेचा, सण अडीच आठवड्यांवर होता. पाद्रीबाबांची चिठ्ठी कालच्या होडीनं आली होती. मनोरा सरळ झाला नाही तर सणाला एकही माणूस आत जाणार नाही, मिस्सा शाळेच्या पडवीत होईल, आणि पुढे मनोरा उतरवायची परवानगी आपण स्वतः बिशपांकडून आणू, असं त्यांनी लिहिलं होतं. अक्षर प्रेमळ होतं, पण मजकुरात फट नव्हती.

घरी नोल्बेर्तो चुलीशी बसून माते, म्हणजे पाल्याचा कडू चहा, पीत होता. तिच्याहून तीन वर्षांनी धाकटा भाऊ. अठ्ठावीस वर्षं दक्षिणेत मेंढ्यांची लोकर कातरून मागच्या हिवाळ्यात परतलेला. खिडकीशी बाबा बसले होते. एलिओदोरो गेन्तेओ एकतीस वर्षं या देवळाचे फिस्काल होते. पाद्री बेटावर वर्षातून दोनदा येई. एरवी देवळाची किल्ली, जपमाळ, मयताच्या प्रार्थना, अडल्या वेळचा बाप्तिस्मा, सगळं फिस्कालच्या अंगावर. गेल्या एप्रिलात त्यांना झटका आला, उजवा हात गेला, बोलणं गेलं. तेव्हा गावानं किल्ली एर्सिराच्या हाती दिली.

बोलणं गेलं म्हणजे सगळं गेलं नव्हतं. साधं मीठ मागायचं तर बाबा "ते... ते..." करत घामाघूम होत. पण जपमाळेला बसले की पन्नासच्या पन्नास नमो मारिया एकही अक्षर न अडखळता म्हणत. कास्त्रो शहरातल्या डॉक्टरांनी त्याचं कारण सांगितलं होतं. हजारदा म्हटलेलं बोलणं डोक्यात निराळ्या जागी राहतं, आणि बाबांची ती जागा वाचली होती. एर्सिराला हे कारण आवडलं होतं. तिनं त्याबद्दल माउलीपुढे मेणबत्तीही लावली होती. दोन्ही एकदम करण्यात तिला काही अडचण वाटली नव्हती.

"सात," ती म्हणाली.

"मग पाडा," नोल्बेर्तो म्हणाला. "ठेकेदारानं सांगितलंय ना, पत्र्याचा मनोरा आठ दिवसांत उभा करून देतो."

"पत्रा कोंबड्यांच्या खुराड्यावर शोभतो."

"मग तूच उचल, ताई. तुझ्या त्या दोऱ्यानं."

हातांची वाण नव्हती. इर्जिकीला, म्हणजे बिनमजुरीच्या गावकामाला, बोलावलं तर निम्मं बेट येईल, बैल येतील, बायका कुरांतोचा खड्डा खणून शिंपले-बटाटे शिजवतील. वाण होती ती एकाच माणसाची: कुजल्या पायांवरून अख्खा मनोरा अधांतरी धरायचा, खालचं लाकूड कापून नवं सांधायचं आणि पुन्हा टेकवायचा, हे ज्याला जमेल अशाची. होडीचा कणा सांधतात तसाच तो सांधा. आणि साठ होड्या बांधलेला माणूस बेटावर एकच होता.

"रोसामेल काका," एर्सिरा म्हणाली.

बाबांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं नाव या स्वयंपाकघरात एकतीस वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. घरातली हकीकत अशी होती, की काका मूर्ती न मानणाऱ्या आलेलुयावाल्यांच्या प्रार्थनाघरात गेला, माउलीच्या मूर्तीला बाहुली म्हणाला, आणि नातं तुटलं. आईनं ती तशीच सांगितली होती आणि आठ वर्षांपूर्वी तशीच ठेवून गेली.

नोल्बेर्तोनं मातेचा पेला खाली ठेवला. तेरा वर्षांचा असताना तो काकाच्या होडीच्या कारखान्यात शिकत होता. लाकूड तासायचा वाकस कसा धरायचा ते त्याला काकानंच दाखवलं होतं. भांडण झालं तसं आईनं त्याला दंडाला धरून तिथून आणलं.

"आणि तो कुंपणापर्यंतही आला नाही," नोल्बेर्तो म्हणाला. "एवढं नाही म्हणाला, की राहू दे पोराला. अठ्ठावीस वर्षं मेंढ्यांच्या लेंड्यांत गेली माझी. त्याच्या दारात जायचं तर तू जा."

बाबा डाव्या मुठीनं खुर्चीचा हात ठोकत होते. "रो... रो... ते..." म्हणाले आणि थांबले. हो म्हणायचं होतं की नको, ते दोघांपैकी कुणालाच कळलं नाही.

*

सोमवारी ओहोटी लागल्यावर एर्सिरा किनाऱ्यानं चालत काकांकडे गेली. कारखान्यात एक होडी फासळ्यांवर उभी होती. रोसामेल गेन्तेओ त्र्याहत्तर वर्षांचे, कानावर पेन्सिल, अंगावर लाकडाचा भुसा. त्यांनी तिला बसायला ओंडका पुसून दिला, शाळेचं विचारलं, भावाच्या तब्येतीचंही विचारलं. मग तिनं रीतीप्रमाणे उभं राहून देवळासाठी एका दिवसाचं मागणं घातलं.

"तू मागायला आलीस, बरं केलंस," काका म्हणाले. "पण मला नाही जमायचं."

तिनं बराच वेळ मुद्दे मांडले. ती शेवटी म्हणाली, की मूर्तीचा प्रश्न असेल तर माउलीला त्या दिवसापुरतं आम्ही घरी नेऊन ठेवू.

"खांब कुजलाय, त्यात मूर्तीचा काय संबंध?" काका म्हणाले, आणि खरोखरच नवल वाटल्यासारखे तिच्याकडे पाहत राहिले. "तुला काय सांगितलंय घरी?"

तिनं सांगितलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली आणि रंध्याकडे वळले. बोलणं संपलं होतं.

ओतिलिया काकू तिला पोचवायला फाटकापर्यंत आल्या आणि तिथे थांबल्या नाहीत. ओल्या वाळूवरून तिच्या बरोबर चालत राहिल्या.

"तुला ती ताटली आठवते?" काकूंनी विचारलं.

एर्सिराला आठवली. ती सोळा वर्षांची होती. बाबा नुकतेच फिस्काल झाले होते आणि देवळाच्या छपराला नव्या लाकडी फळ्या ठोकायची इर्जिक चालली होती. तिसऱ्या दिवशी आईनं कुरांतोची एक ताटली वर फडकं बांधून तिच्या हाती दिली होती, काकाकडे पोचवायला. काका उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी ताटली घेतली, उपकार मानले आणि बाजूला ठेवली. काका आजारी असेल, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

मग काकूंनी सांगितलं. इर्जिकीच्या आधी एलिओदोरो बासष्ट दारांत गेला, एकेका घरी टोपी काढून त्यानं दिवस मागितला. आपल्या भावाच्या दारात तेवढा गेला नाही. रोसामेलनं आदल्या दिवशी वाकस, पटाशी, करवत, सगळ्याला धार लावून ठेवली होती. तीन दिवस तो कामाचे कपडे घालून उंबऱ्यावर बसला. हातोड्यांचे आवाज तिथपर्यंत येत होते. न बोलावता गेलं तर माणूस हावरा ठरतो. आणि मागितलंच नाही म्हणजे तुझे हात नकोत, असा अर्थ. हे बेटावर कुणाला सांगावं लागत नाही.

"ते तो सोसेल असं मला वाटलं होतं," काकू म्हणाल्या. "पण मग तू ताटली घेऊन आलीस. कामाला नको, पण जेवण घे. भिकाऱ्याला देतात तसं."

त्याच हिवाळ्यात प्रार्थनाघराचे पास्तर दारात आले. उत्तरेची भिंत पडली होती, त्यांनी टोपी काढून एक दिवस मागितला. रोसामेल एक दिवसासाठी गेला आणि तिथलाच झाला. मूर्तीला तो कधी काही म्हणाला नव्हता. पोराला ओढून नेलं तेव्हा तो उठला होता, पण फाटकाशी थांबला. मला बोलावलं नाही त्या घरात कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणाला.

*

एर्सिरानं हे सगळं चुलीशी उभं राहून, काही न गाळता सांगितलं. ताटलीचंही सांगितलं. बाबांच्या चेहऱ्याची चांगली बाजू हलत होती.

"घर," ते म्हणाले. खूप वेळ लागला. "माझं. माझंच... घर."

एर्सिरानं त्यांच्या गुडघ्यांशी बसून शब्द जुळवले. "काकाचं घर म्हणजे आपलंच घर. आपल्याच घरात जाऊन टोपी काढून कसं मागायचं? तो परका थोडाच आहे? म्हणून नाही गेलात."

बाबांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा पुन्हा. डावा डोळा वाहत होता.

नोल्बेर्तो खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलताहेत ते पाहून एर्सिरा घाबरली, पण तो हसत होता, निदान सुरुवात तरी हसण्यानं झाली होती.

"एक म्हणतो, मी सख्खा, मला विचारायचं काय. दुसरा म्हणतो, मी सख्खा, मला विचारलं का नाही," तो म्हणाला. "आणि कातरलं कोण गेलं? मेंढ्या."

बाबांना काकांच्या दारात न्यायला तो बैल जुंपायला गेला. एर्सिरा म्हणाली, की आज नको, बाबा दमलेत. आणि खरी भीती तिनं अंगणात जाऊन हळू आवाजात सांगितली: ज्यानं मागायचा राहिला, दिवस त्यानंच मागावा लागतो. त्यांच्या वतीनं मी बोललेलं चालणार नाही. आणि दारात उभं राहून त्यांच्या तोंडून शब्दच निघाला नाही तर? ते त्यातून उठतील का?

"निघाला नाही तर नाही," नोल्बेर्तो जोताची दोरी ओढत म्हणाला. "दारात तर जातील."

गाडीनं वळसा घेऊन जायला तासभर लागला. बाबांनी रविवारची टोपी मागून घेतली होती, म्हणजे टोपीकडे बोट दाखवलं होतं. काकांच्या दाराशी दोघांनी त्यांना धरून उतरवलं. दार उघडंच होतं. काका बाहेर आले, उंबऱ्याच्या आत थांबले. ओतिलिया काकू त्यांच्या मागे उभ्या राहिल्या.

बाबांनी पोरांचे हात झिडकारले आणि डाव्या खांद्यानं दाराच्या चौकटीला टेकले.

"रो," ते म्हणाले. "रो... ते... मी..."

एर्सिराला वाटलं, काकांनी आता एक पाऊल पुढं यावं, असू दे म्हणावं, एवढ्यानं भागेल. काका आले नाहीत. मग तिच्या ध्यानात आलं, की त्यांनी ते केलं असतं तर पुन्हा एकदा मागणं राहूनच गेलं असतं. ते वाट पाहत होते, आणि वाट पाहणं हीच त्यांची मदत होती.

बाबांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी डावा हात वर नेला आणि टोपी काढली.

आणि टोपी छातीशी आल्याबरोबर, एकतीस वर्षं दारोदार आली होती तशी, वाक्यं एकामागून एक आली.

"या घरावर देवाची कृपा असो. फिस्काल म्हणून आलोय. देवळाच्या कामाला तुमच्या हातांचा एक दिवस मागायला आलोय. देव तुमचं भलं करो."

आवाज मोठा होता, जुना होता. शेजारच्या कुंपणावरची कोंबडी उडाली.

रोसामेल काकांनी कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली. रीतीचं उत्तर चार शब्दांचं, पण त्यांना ते म्हणायला बाबांपेक्षा जास्त वेळ लागला.

"दिवस तुमचा. आत या."

बाबांना उंबरा ओलांडता येईना. काकांनी त्यांना मिठीत उचलूनच आत घेतलं, होडीची फळी उचलावी तसं, पाठ सरळ ठेवून. चुलीशी बसवल्यावर ते नोल्बेर्तोकडे वळले.

"वाकस धरता येतो का अजून? की फक्त मेंढ्या येतात?"

"कोण शिकवायला होतं?" नोल्बेर्तो म्हणाला.

"मी फाटकापर्यंत आलो होतो," काका म्हणाले. "फाटकापर्यंतच."

नोल्बेर्तोनं मान खाली घातली. मग म्हणाला, की येतो थोडाफार.

*

पुढचे सहा दिवस एर्सिरा दारं हिंडली. एकही सोडलं नाही. आलेलुयावाल्यांची चौदा घरं होती, तिथेही गेली. पास्तरच्या बायकोनं आधी तिच्याकडे आणि मग तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, आणि चार माणसं देऊ म्हणाली. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ती आपल्याच घराच्या दाराशी आली आणि कडी वाजवली. नोल्बेर्तो मोजे घालून चिडून आला. ती उंबऱ्याबाहेर सरळ उभी होती. तिनं सगळं मागणं घातलं, पहिल्या शब्दापासून.

"वेडी आहेस का, ताई," तो म्हणाला. ती हलली नाही. तो मोज्यांकडे बघत म्हणाला, "दिवस तुमचा. आता आत ये, रस्सा निवतोय."

सणाच्या आधीच्या बुधवारी कामाला सुरुवात झाली. काकांनी तीन दिवस लाकूड निवडून, तासून ठेवलं होतं. त्यांनी मनोऱ्याखाली चारी बाजूंनी आडवे ओंडके रचले आणि त्यांवर लुमाच्या कठीण लाकडाच्या पाचरी बसवल्या, समोरासमोर, जोडीजोडीनं. रीत साधी होती. आठ माणसं, आठ मोगऱ्या, आणि प्रत्येक घाव एकाच क्षणी. एक बाजू जरी आधी उचलली तर मनोरा दुसऱ्या बाजूला झुकेल आणि मग कुणी थांबवू शकणार नाही. घावांमध्ये पाचर बसायला दोन श्वासांचं अंतर हवं, ना कमी ना जास्त.

"ताल कुणी धरायचा?" पास्तरच्या माणसांपैकी एकानं विचारलं. आकडे मोजून पाहिले. दहाच्या पुढं माणसं घाई करू लागली. होडीवाल्यांची आरोळी पाहिली. ती फार लांब पडली.

बाबा ओसरीत खुर्चीवर बसले होते. काका त्यांच्याकडे पाहत उभे राहिले आणि मग म्हणाले, "दादा, लितानी म्हण."

एर्सिरानं पास्तरच्या माणसांकडे चोरून पाहिलं. माउलीच्या नावांची माळ, तिच्या तालावर त्यांनी घाव घालायचा? त्यांच्यातला थोराड म्हणाला, की आम्ही तोंड उघडणार नाही, मोगरी उघडेल. सगळे हसले, तोही हसला.

बाबांनी डोळे मिटले.

"पहाटेच्या ताऱ्या," ते म्हणाले.

"आमच्यासाठी विनंती कर," ओसरीतल्या बायका म्हणाल्या, आणि शेवटच्या अक्षरावर आठ मोगऱ्या एकदम पडल्या.

"रोग्यांच्या आरोग्या."

घाव.

"दाविदाच्या मनोऱ्या."

घाव. वर कुठेतरी लाकूड कण्हलं. नोल्बेर्तो डाव्या कोपऱ्यात होता, त्याचे ओठ पांढरे झाले होते. काका कान तुळईला लावून उभे होते आणि एक बोट वर धरून होते: चालू द्या. "हस्तिदंती मनोऱ्या," बाबा म्हणाले, आणि त्या घावाला उजव्या खांबाच्या बुडाशी उजेडाची एक फट दिसली, कागदाएवढी. अख्खा मनोरा आता फक्त पाचरींवर होता.

तीनदा लितानी पूर्ण झाली. दुपारपर्यंत कुजलेले दोन्ही पाय कापून बाहेर काढले. काका आणि नोल्बेर्तोनं एकमेकांकडे न पाहता, एकमेकांच्या हातातली हत्यारं न मागता घेत, नवं लाकूड सांधलं आणि लाकडी खुंट्या ठोकल्या. मग पाचरी तशाच ताल धरून उलट्या काढल्या. मनोरा नव्या पायांवर बसला तेव्हा आवाज असा काही झालाच नाही. एर्सिरानं दोरा सोडला. शिसं डुललं, डुललं, थांबलं. तिनं बोट लावलं आणि मग बोट बाजूला काढलं, कारण मध्ये बोट मावत नव्हतं.

ओसरीच्या कठड्याला धरून तिनं डोळे टिपले आणि आभार नेमके कुणाकुणाचे मानायचे ते मनात मोजायचा प्रयत्न केला. यादी संपेना तेव्हा तिनं ते सोडून दिलं.

खड्डा उघडला तशी वाफ देवळावर गेली. दारू पिणाऱ्यांना सफरचंदाची चिचा मिळाली, न पिणाऱ्यांसाठी एर्सिरानं भाजल्या गव्हाच्या पिठाचं गोड पाणी मोठ्या हंड्यात कालवलं होतं. तिनं एक ताटली भरली: शिंपले, डुकराचं मांस, बटाट्याची जाड भाकरी. ती घेऊन ती काकांकडे निघाली आणि अर्ध्या वाटेत तिचे पाय अडले. मग तिनं ताटली बाबांच्या मांडीवर ठेवली. बाबांना कळलं. त्यांनी ती डाव्या हातानं पुढं धरली. रस्सा काठावरून सांडत होता.

काका समोर येऊन उभे राहिले. पण त्यांनी ताटली घेतली नाही. ते देवळाच्या दाराच्या चौकटीकडे गेले, तिच्यावर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं आणि टोपी काढली.

"या घरावर देवाची कृपा असो," ते म्हणाले. "आमच्या प्रार्थनाघराचं छप्पर मार्चच्या पावसाला टिकायचं नाही. तुमच्या हातांचा एक दिवस मागायला आलोय." थोडं थांबून म्हणाले, "एका हाताचाही चालेल."

पास्तरची माणसं शिंपला तोंडाशी नेता नेता थांबली.

"दिवस तुमचा," बाबा म्हणाले. ते सहज आलं, जपमाळेसारखं.

मग त्यांनी ताटली आणखी पुढं केली. तोंड पुन्हा हलायला लागलं, आणि एर्सिरा पुढं झाली, काय हवंय ते ओळखायला. तिला ओळखावं लागलं नाही.

"जेव," ते भावाला म्हणाले. "गार होतंय."

हे वाक्य कुठल्याच प्रार्थनेत नव्हतं.